साखऱ्याच्या विहिरीला दोन कठडे

वसमतच्या विहीर-पाणंद दुरुस्ती कचेरीत एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या दिवाळीआधी एके दिवशी बोलणं बंद झालं. म्हणजे पाणी मागायला, खिडकी लावायला सांगायला मुभा होती. बंद झालं ते एकमेकांची चूक तोंडानं सांगणं. तसा लेखी हुकूम निघाला. तो इंग्रजीत होता म्हणून पाळणं भाग होतं. उर्दूत असता तर सगळ्यांना समजला असता आणि रिवाजाप्रमाणे फायलीत जाऊन झोपला असता.

तोवर कचेरीचा कारभार अगदी रासवट पद्धतीनं चालायचा. कारकून तीन. पेशकार माणिकराव सगळ्यांत वडील, त्यांच्याखाली हट्ट्याचे तातेराव आणि शेवटी मोहनसिंग, जो लमाणांच्या तांड्यावरून शिकून आलेला पहिला आणि कचेरीतला सगळ्यात तरणा. माणिकरावांनी विहिरीच्या जागी हौद लिहिला तर तातेराव पलीकडच्या मेजावरून म्हणायचे, "हौद न्हाई, विहीर." माणिकराव म्हणायचे, "व्हय की," आणि खोडायचे. एवढ्यात चूक निघायची, दुरुस्त व्हायची आणि विसरली पण जायची. चहा सुद्धा निवत नसे. यात सहकार्य कुठं होतं? नव्हतंच. निदान कुणाला ते दिसत तरी नव्हतं.

भाद्रपदात निजामाची राजवट गेली, आणि दक्षिणेकडून नवे साहेब आले. माणूस भला होता. कोणावर ओरडत नसत, पान खात नसत, आणि चपराशालाही 'प्लीज' म्हणत. त्यांना ना मराठी येई, ना उर्दू. पण संस्थानातली कामं का अडतात याचं निदान ते रेल्वेतच करून आले होते. कामं अडतात ती सहकार्य नसल्यामुळं, आणि सहकार्य नाही ते माणसं एकमेकांना मन दुखेल असं बोलतात म्हणून. आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी हौद-विहीर हा प्रकार कानांनी ऐकला. अर्थ कळला नाही, पण सूर कळला, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

मग परिपत्रक निघालं. यापुढं एका कारकुनाचा मसुदा दुसऱ्यानं वाचायचा आणि त्यावर इंग्रजीत, गुलाबी चिठ्ठीवर, मदत करणारा शेरा लिहायचा. शेऱ्याला तीन अंगं असावीत. आधी स्तुती, मग एक सूचना, शेवटी आभार. सूचना नसेल तर वाचणाऱ्यानं सहकार्य केलं नाही असं समजण्यात येईल. स्तुती नसेल तर त्यानं मन दुखावलं असं समजण्यात येईल. तोंडी चूक दाखवणं हा शिस्तभंग. ज्याचा मसुदा असेल त्यानं चिठ्ठी घरी न्यावी आणि शांतपणे तिच्यावर मनन करावं. गुलाबी कागद कशासाठी, तर आधीच्या अमदानीतली त्याची चार रिमं कपाटात पडून होती आणि रंग प्रेमळ होता.

कोणी कोणाचं वाचायचं तेही साहेबांनी ठरवून दिलं. मोहनसिंगचं माणिकराव वाचणार, तातेरावांचं मोहनसिंग वाचणार, आणि माणिकरावांचं तातेराव वाचणार. दुसऱ्याच्या वाट्याचा कागद वाचणं म्हणजे ढवळाढवळ. तिघांत मिळून इंग्रजीचा एकच शब्दकोश होता, आणि त्याची पहिली निम्मी पानं वाळवीनं खाल्ली होती. बॅड, एरर, फॉल्ट, मिस्टेक सगळं तिच्या पोटात गेलं होतं. उरलं होतं नाइस, परफेक्ट, स्प्लेंडिड, वंडरफुल. अगदी शेवटी 'राँग' शाबूत होता म्हणे, पण तिथपर्यंत कुणी पोचलं नाही.

साहेबांना सगळं माहीत होतं, एक गोष्ट सोडून. माणिकराव आणि तातेराव व्याही होते.

आता ज्यानं लेक दिलेली नाही त्याला यातलं काही कळायचं नाही. तातेरावांची सुमन माणिकरावांच्या धाकट्याला दिली होती. लग्नात सगळं यथासांग झालं, फक्त माणिकरावांच्या मावसभावाला फेट्याऐवजी उपरणं गेलं. तेव्हापासून त्या घरात 'उपरणं' हा शब्द निघाला की सुमन चुलीकडं तोंड फिरवायची. मेजावरून मेजावर 'हौद न्हाई, विहीर' म्हणणं वेगळं. ते हवेत जातं. पण मुलीच्या बापानं मुलाच्या बापाची चूक कागदावर लिहायची, खाली सही करायची, आणि तो कागद व्याह्यानं घरी नेऊन विहिणीच्या देखत मनन करायचं? तातेराव परिपत्रक वाचून झाल्यावर बराच वेळ आपल्या दौतीकडं बघत बसले.

त्यात सुमनला पाचवा संपत आला होता. पहिलटकरीण माहेरी यायची ती सातव्यात. आठव्यात कुणी पाठवत नाही, आणि नवव्यात बैलगाडीत बसवायचं नाव कोणी काढत नाही. सातवा निसटला म्हणजे लेकीचं पहिलं बाळंतपण सासरी. हट्ट्याला तातेरावांची बायको अनुसयाबाई यांनी डिंक कुटून, बाज विणून ठेवली होती. पाठवायचं की नाही, कधी पाठवायचं, हे सगळं माणिकरावांच्या तोंडात होतं. पेशकाराचं तोंड म्हणजे अखेर गोजरबाईंचं, त्यांच्या बायकोचं.

पहिल्या चिठ्ठीवर तातेरावांनी नुसती स्तुती लिहिली. साहेबांनी ती परत पाठवली. सूचना कुठं आहे? तातेरावांनी घाम पुसला आणि लिहिलं, की समास बोटभर रुंद असता तर आणखी शोभला असता. यापेक्षा निरुपद्रवी सूचना वसमत तालुक्यात सापडली नसती.

दोन दिवसांनी बाजारात सुमन भेटली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "बाबा, तुमी मामंजीच्या समासाला काहून नावं ठिवली?"

"नावं नाई ठिवली. सूचना केली."

"सासूबाई म्हनून राहिल्या, ज्याला उपरनं देताना बोटभर जास्त सुचलं न्हाई, त्याला समास बराबर दिसला."

तातेराव त्या दिवशी भाजी न घेताच परतले.

पण माणूस तीस वर्षं कारकुनी केलेला. आठवडाभरात त्यांनी वाट काढली. सूचना करायची, पण ती व्याह्याला लागू द्यायची नाही. मसुदा इतका सुरेख आहे की सरकारनं याहून चांगला कागद पुरवायला पाहिजे होता. अक्षर इतकं वळणदार आहे की शाई त्या मानानं फिकी पडते. सकाळचं ऊन थोडं डावीकडून आलं असतं तर हा मजकूर वाचताना अधिक आनंद झाला असता. साहेब ह्या चिठ्ठ्या वाचून हरखून जात. याला म्हणतात मदत करणारा शेरा, असं त्यांनी एका चिठ्ठीवर लाल पेन्सिलीनं लिहिलंसुद्धा. तिकडं गोजरबाई सुमनच्या नवऱ्याकडून चिठ्ठ्यांचा अर्थ लावून घ्यायच्या आणि स्तुती किती ओळी भरली ते बोटांनी मोजायच्या. मागच्या खेपेपेक्षा ओळ कमी भरली तर सुमनला संध्याकाळी कळायचं. म्हणून स्तुती दर आठवड्याला एका ओळीनं वाढू लागली. मार्गशीर्ष लागला तेव्हा चिठ्ठी मसुद्यापेक्षा मोठी झाली होती आणि तिला खालून दुसरा गुलाबी कागद चिकटवावा लागत होता.

खरं बोलायचं तर माणिकरावांना यातलं काही नको होतं. भोळा गडी होता. एकदोनदा त्यांनी मसुदा पुढं करताना "काही चुकलं असंल तर" एवढं म्हणून पाहिलं, पण वाक्य अर्धवट टाकून ते दौत सरकवत बसले. मुलाच्या बापानं मुलीच्या बापापाशी चूक मागायची, हेही जगरहाटीत बसत नव्हतं.

अशा सहकार्याच्या ऐन भरात नानीबाईचा अर्ज आला.

हट्ट्याच्या शिवारात एक लमाणांचा तांडा होता. पावसाळ्यात त्यांच्या विहिरीचा कठडा ढासळून आत गेला होता. आता विहिरीचं तोंड जमिनीसरशी उघडं होतं, आणि काठाची माती रोज ढेकळाढेकळानं सुटत होती. एक वासरू आत जाऊन झालं होतं. तांड्यातली नानीबाई चार कोस पायपीट करून कचेरीत आली, हातातली कड्यांची चळत वर सरकवून उंबऱ्याशी बसली, आणि तातेरावांना म्हणाली, "बाबू, माझी सून पोटुशी हाय. वाकून पानी काढती. मी रोज तिच्या ओढणीचा पदर धरून उभी ऱ्हाते. मी किती दिस धरू?"

तातेरावांच्या ते मनाला लागलं. त्यांनी अर्ज त्याच दिवशी पुढं सरकवला. साहेबांनीही दोन तासांत मंजुरी दिली. एवढ्या झटपट कचेरीत कधी काही झालं नव्हतं. आता गवंड्यांना जायचा हुकूम तेवढा लिहायचा, आणि तो माणिकरावांनी लिहायचा.

माणिकराव सकाळपासून तिकडं सेनगावच्या बाजूच्या साखरा गावच्या पाणंदीचे कागद चाळत बसले होते. हात त्याच नादात होता. मसुदा उतरला तो असा, की मौजे साखरा येथील विहिरीस नवा कठडा ताबडतोब बांधावा. अक्षर मोत्यासारखं, समास दोन बोटं.

तातेरावांनी मसुदा उघडला आणि त्यांना पहिल्या ओळीतच साखरा दिसलं.

गेल्या दसऱ्याला असतं तर "साखरा न्हाई, हट्टा" म्हणून विषय संपला असता. आता समोर गुलाबी कागद होता. त्याच सकाळी माणिकराव, इकडंतिकडं बघून, हळूच म्हणाले होते, "येता गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी पोरीला धाडावं म्हनतो. घरात विचारून सांगतो." सातव्याचे वीस दिवस उरले होते.

तातेरावांनी पहिली चिठ्ठी लिहिली, की गावाचं नाव चुकलं आहे. फाडली. दुसरी लिहिली, की गावाचं नाव एकदा पाहावं. त्यात 'एकदा पाहावं' हे टोचतं असं वाटून तीही फाडली. तिसरीला दुपार गेली. तिच्यात सात ओळी स्तुती होती आणि मग हे, की 'साखरा' हे नाव आपल्या हातून इतकं देखणं उतरलं आहे, की त्याच हातानं 'हट्टा' लिहिलं असतं तर तेही किती देखणं दिसलं असतं असा विचार मनात येतो. मग आभार.

चिठ्ठी देऊन ते माणिकरावांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. माणिकरावांनी सावकाश वाचली. हट्ट्याला व्याह्याचं घर, तेव्हा व्याह्याच्या गावाचं नाव आपल्या अक्षरात यावं अशी त्याची हौस आहे, एवढा अर्थ त्यांना लागला. त्यांना भरून आलं. मान लववून त्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, आणि मसुदा साफ नकलेसाठी मोहनसिंगकडं गेला.

मोहनसिंगचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळं त्याला सरळ दिसायचं. तो तातेरावांच्या कानाशी आला. "काका, ह्यात साखरा पडलंय. नानीबाईचं काम हट्ट्याचं हाय न?"

"तुला दिसलं तर तू लिही."

"मला कसं लिहिता यील? माणिकरावांचा कागद माझ्या वाट्याचा न्हाई. मी तुमच्या कागदावर लिहू शकतो."

"मग माझ्या चिठ्ठीवर लिही."

मोहनसिंगनं खरंच लिहिलं. चिठ्ठीला चिठ्ठी जोडली, की आपला शेरा वाचून आनंद झाला, तो थोडा उघड असता तर बरं झालं असतं, आभारी आहे. तातेरावांनी त्यावर आभाराची चिठ्ठी लावली. सगळं पुडकं साहेबांपुढं गेलं. साहेबांनी गुलाबी कागद मोजले, प्रत्येकात स्तुती, सूचना, आभार आहेत याची खात्री केली, आणि पांढऱ्या कागदावर सही ठोकली. पांढरा कागद वाचायची गरज राहिली नव्हती. तो तीन जणांनी वाचला होता.

गवंडी साखऱ्याला गेले. साखऱ्याच्या विहिरीला कठडा होता, चांगला छातीइतका, धडधाकट. गवंड्यांनी गावच्या सोनाजी पाटलांना हुकूम दाखवला. हुकमात नवा बांधा म्हटलं होतं, जुना पाडा म्हटलं नव्हतं. तेव्हा त्यांनी जुन्याच्या बाहेरून, हातभर जागा सोडून, दुसरा बांधला.

आठ दिवसांनी सोनाजी पाटील कचेरीत हजर झाले. त्यांची तक्रार तोंडी होती, म्हणून साहेबांनी ती घेतली नाही. परिपत्रक रयतेलाही लागू आहे असं मोहनसिंगनं त्यांना समजावलं. पाटील शहाणे. खाली बसले, पटका काढून गुडघ्यावर ठेवला आणि रीतीनं सांगू लागले. मोहनसिंग त्याचं इंग्रजी करत गेला.

"कठडा झकास झाला, सायब. आमच्या बापजाद्यांनी असा कठडा पाहिला न्हाई. आता सूचना. दोन कठड्यांच्या मधी बोळ झालाय. बाया भायेरला चढून आत उतरत्यात, मग आतल्यावर वाकत्यात. मधीच एकदा बोळात शेळी शिरली. तिला वळता यीना. दोन दिस गोल गोल हिंडली, तिसऱ्या दिसी सासुरवाडीचं पाव्हणं आलं तवा चौघांनी उचलून काढली. तर एक दार ठिवावं. आभारी हाय."

पाठोपाठ नानीबाई आली. सहा कोस चालून आलेली, पायांवर धूळ. तिला कोणी काही समजावलं नव्हतं, पण ती सोनाजींचं ऐकत उंबऱ्याशी उभी होती. म्हणाली, "कठडा लई चांगला झाला म्हनत्यात. फकस्त साखऱ्याला झाला. माझ्या सुनंचा पदर अजून माझ्याच हातात हाय. आभार काहून मानायचे ते तुमी सांगा, मंग मानते."

मोहनसिंगनं त्याचंही इंग्रजी केलं, तसे साहेब गंभीर झाले. इतकं सहकार्य असून असं झालं कसं? त्यांनी तिघांना समोर उभं केलं, पुडकं उघडलं, आणि तातेरावांची सात ओळींची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. मग त्यांनी चष्मा काढला आणि अतिशय सौम्यपणे विचारलं, "मिस्टर तातेराव, गावाचं नाव चुकलेलं तुम्हाला दिसलं होतं का?"

उंबऱ्याशी नानीबाई होती. उजव्या हाताला माणिकराव होते, मान खाली. उद्या गुरुवार. गाडीला बैल जोडायचे, ओटी भरायची, सगळं ठरलेलं. दिसलं होतं म्हणावं तर साहेबासमोर, रयतेतल्या दोघांसमोर, व्याह्याचं नाक कापलं. दिसलं नव्हतं म्हणावं तर हट्ट्याच्या माणसाला हट्टा दिसलं नाही, असल्या कारकुनाला सरकारनं का पोसावं? तातेरावांच्या डोळ्यांपुढं विणलेली बाज उभी राहिली. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"साहेब, मसुदा उत्तम होता. असा मसुदा मी तीस वर्षांत पाहिला नाही. सूचना एवढीच, की साखरा हे गाव हट्ट्याजवळ असतं तर काम अगदी नेमकं झालं असतं. आभारी आहे."

साहेबांचा चेहरा उजळला. दोष सापडला होता, आणि तो कुणाही माणसाचा नव्हता. भूगोलाचा होता. त्यांनी उठून तातेरावांचा हात हातात घेतला, आणि तिथल्या तिथं पत्र सांगायला सुरुवात केली. विहीर व कठडा साखरा इथं तयार आहे. तांडा हट्टा इथं आहे. तांड्याची मंडळी पूर्वापार बैलांच्या पाठी फिरणारी असल्याचं कळतं, सबब त्यांना हलण्याची सवय असावी. तरी तांडा साखऱ्यास नेण्याबाबत विचार व्हावा.

मोहनसिंगनं हे नानीबाईला तिच्या बोलीत सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा चिरकला. नानीबाई ऐकून घेऊन म्हणाली, "आमचे आजे मीठ लादून मुलूखभर हिंडले, खरं हाय. पर पान्याच्या मागं हिंडले. कठड्याच्या मागं कोनी हिंडलं न्हाई, बाबू." मग तिनं पदर झटकला आणि निघाली. तातेरावांकडं तिनं पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना त्या रात्रीपर्यंत वाटत राहिलं.

माणिकरावांनी मात्र बाहेर आल्यावर त्यांचे दोन्ही हात धरले. गुरुवारी सुमन त्यांच्याच गाडीत, गोजरबाईंनी स्वतः भरलेल्या ओटीसकट, हट्ट्याला निघाली. ओटीत नारळाखाली एक नवाकोरा फेटा होता. इतका मान मुलीच्या बापाला त्या घरानं कधी दिला नव्हता. तातेरावांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

शनिवारी कचेरी सुटल्यावर तातेराव घरी पोचले. ओसरीवर बाज होती, बाजेवर गोधडी होती, सुमन नव्हती.

"पोरगी कुठंय?"

अनुसयाबाई सुपातली ज्वारी पाखडत म्हणाल्या, "आडाचा गाळ काढून राहिले न गावात. चार दिस झाले. सगळ्या बाया तांड्याच्या विहिरीवर जाऊन राहिल्या. सुमन म्हनली, मी बी जाते. घागर न्हाई दिली मी तिला. पर सातव्यात चाललेलं बरं."

तातेरावांनी पायातल्या वहाणा काढल्या नव्हत्या, ते बरं झालं.

तांड्याच्या विहिरीवर दहाबारा बायांचा घोळका होता. अगदी काठावर नानीबाईची सून वाकून पोहरा ओढत होती. तिच्या शेजारी सुमन, काहीतरी हसत सांगत, त्याच सुटत्या मातीवर टेकून बसली होती. दोघींच्या मागं नानीबाई उभी होती. तिच्या एका हातात सुनेचा पदर होता आणि दुसऱ्या हातात सुमनचा. हात दोनच होते, म्हणून ती तिसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नव्हती.

तातेरावांनी सुमनला धरून मागं नेऊन बसवलं. मग धोतर खोचलं आणि ओढ्यातले धोंडे उचलायला सुरुवात केली.

रविवारी सकाळी माणिकराव सुनेची खुशाली घ्यायला आले तेव्हा व्याही घरी नव्हते. विचारत विचारत ते विहिरीवर पोचले. तातेराव गुडघ्यापर्यंत चिखलात, हाताला फोड, आणि गुडघाभर उंचीचा कठडा अर्ध्या वर्तुळाइतका झालेला. नानीबाई पलीकडं बसून बघत होती.

"दगड उलटा लावून राहिला, बाबू," ती म्हणाली. "चपटं अंग खाली. हे पडल."

स्तुती नाही, आभार नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तातेरावांना कोणीतरी त्यांची चूक सांगितली होती. त्यांनी धोंडा काढला, उलटवला आणि बसवला. तो हलला नाही. त्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी आणखी दोन धोंडे तिला दाखवून बसवले.

माणिकरावांनी कोट काढून बाभळीला टांगला आणि धोंडे पुरवायला लागले. वसमतपासून एवढ्या लांब ना साहेब होते ना गुलाबी कागद. कठडा कंबरेला आला तेव्हा माणिकराव खालमानेनं म्हणाले, "तातेराव, आता आपन दोघंच हाव. खरं सांगा. साखरा माझ्याच हातून चुकून पडलं न?"

तातेरावांनी हातातला धोंडा खाली ठेवला. समोर व्याही होता. मागं सावलीत सुमन बसली होती. बाळंतपण व्हायचं होतं, बारसं व्हायचं होतं, आणि त्यानंतर तिला परत त्याच घरी नांदायला जायचं होतं.

"छे, छे," तातेराव म्हणाले. "मसुदा उत्तम होता."

नानीबाईनं दोघांकडं एकदा पाहिलं आणि आपल्या सुनेला पाणी काढायला हाक मारली.

साखऱ्याच्या विहिरीला आजही दोन कठडे आहेत असं सांगतात, आणि तांड्याच्या विहिरीला एक, ओबडधोबड, कुठल्याच कागदावर नसलेला. ही सगळी हकीकत तुम्ही इथवर शांतपणे वाचलीत. वाचताना नानीबाईचा तांडा कचेरीपासून एकदा चार कोस होता आणि पुढं सहा कोस झाला, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. तांडा काही मधल्या काळात हलला नव्हता. साहेबांचं पत्र तर नंतरचं. चूक आमच्या हातची. पण तुम्ही तिथं थांबला नाहीत, कुणाला काही बोलला नाहीत, मान हलवून पुढं गेलात.

असू द्या. तुमचीही कोणी लेक कुठंतरी दिलेली असेल.